धुऱ्यावरचे काटे

रेवणप्पाने बशीत ओतलेला चहा फुंकता फुंकता अगदी सहज म्हटलं, "आपलीच होती ना वहिनी ती माइन. पावसात वरून खाली सरकत आलेली," आणि सुर्र करून घोट घेतला. नांदेडच्या तरोडा नाक्याजवळच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या वेळी बाकी काहीच घडलं नाही. खालून भंगारवाला ओरडत गेला, कुकरची शिट्टी झाली, ऋतुजा पलंगाखाली बसून बाहुलीला दटावत होती. दयानंद भजी आणायला खाली गेला होता. पलटणीतला जोडीदार इतक्या दिवसांनी घरी आलाय म्हटल्यावर जिने उतरून आपणच जातो म्हणाला, आणि तनुजाने त्याला जाऊ दिलं, कारण असल्या वेळी अडवलं की नवऱ्याचा चेहरा एवढासा होतो हे तिला ठाऊक होतं. तिच्या हातात बिस्किटांची ताटली होती. ती तिने पडू दिली नाही. "घ्या ना भाऊजी," एवढंच म्हणाली. रेवणप्पाने बिस्किटं घेतली. देगलूरकडचा माणूस, बोलणं अर्धं कानडी वळणाचं, मनात काही ठेवायची सवय नाही. घरच्या बाईला, ते पण सख्ख्या बायकोला, हे माहीत नसेल असं त्याच्या डोक्यातही आलं नसावं. 'आपलीच' हा शब्द त्याने असा उच्चारला, जसं दारातल्या म्हशीला बिचकणाऱ्या पाहुण्याला कुणी सांगावं, आपलीच आहे, मारत नाही.

मग तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. डोंगराच्या कुशीतली चौकी, खाली ओढा, ओढ्याच्या अलीकडे तार, आणि तारेलगत जमिनीत पुरलेले सुरुंग. पलीकडून कुणी चोरपावलांनी येऊ नये म्हणून आपल्याच लष्कराने फार मागे कधी, शेताला काटेरी कुंपण घालावं तशी, घातलेली ती कुपाटी. नकाशावर त्यांच्या जागा असतात, लाल पाट्या लावलेल्या असतात. पण डोंगरातल्या मातीला नकाशा कळत नाही. बर्फ वितळलं, पाऊस धरला, की ती पोटातलं सगळं घेऊन खाली सरकते. त्या सकाळी गस्त परत येत होती. सगळे एकामागे एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून. दयानंद दुसरा होता. पुढच्याचं पाऊल पडलं त्याच्या थोडंसं बाजूला त्याचं पडलं. "चार बोटं बगा वहिनी," रेवणप्पाने बशी खाली ठेवून बोटं जोडून दाखवली. "आन् समोरच्या चौकीवरला त्यांचा गडी उठून उभा राहिला होता. आमी ह्याला उचलून वर न्हेईस्तोर बगतच होता. गोळी न्हाई मारली त्यानं. मारता आली आसती." तेवढ्यात जिन्यावर तो ओळखीचा आवाज आला, एक पाऊल मऊ, एक टणक, एक मऊ, एक टणक, आणि रेवणप्पा हसून दाराकडे वळला. "आला बगा लंगडा वाघ." भज्यांचा कागद तेलाने पारदर्शक झाला होता. तनुजाने तो दयानंदच्या हातातून घेतला, भजी ताटात काढली, वर तळलेली मिरची ठेवली. हात आपले करत होते. आपण त्या हातांच्या मागे कुठेतरी, माजघरात उभ्या असल्यासारख्या उभ्या आहोत, असं तिला वाटत होतं.

कारण दोन वर्षं तिने एका माणसाला पोसलं होतं. तो सीमेपलीकडचा होता. त्याचा चेहरा तिने इकडून तिकडून गोळा केला होता. बारीक मिशी नांदेडच्या बसस्टँडवरच्या एका रिक्षावाल्याची, डोळे शाळेत पट्टीच्या कडेने मारणाऱ्या एका मास्तरचे, राखाडी स्वेटर कुणाचा कोण जाणे. ह्या माणसाने एका पहाटे ओढा ओलांडून, गुडघ्यांवर बसून, तिच्या नवऱ्यासाठी खड्डा खणला होता, आत ते डबीसारखं काहीतरी ठेवलं होतं आणि वरून माती थोपटली होती. ते थोपटणं तिला फार स्पष्ट दिसायचं. ती ऋतुजाला झोपवताना थोपटते तसंच, हलकं, पालथ्या पंजाने. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली एक पाय जिथं संपायला नको तिथं संपलेला तिने पाहिला, तेव्हा सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या आणि तनुजा उभी राहिली. रडू येईना. छातीत काहीतरी पेटलं, आणि त्या उबेवर ती पुढे जगली. जखमा बांधल्या, जयपूर फुटाचे पट्टे आवळायला शिकली, कॉलेजच्या ऑफिसातल्या नोकरीसाठी नवऱ्याबरोबर टेबलाटेबलाशी उभी राहिली. सकाळी भाकरी थापताना तो माणूस तिच्या पंजाखाली असायचा. कधी ती त्याला ओढ्यात बुडवायची, कधी तारेत अडकवून ठेवायची आणि वरून उन्हं तापवायची. त्याला मरायला वेळ लागेल अशी ती काळजी घ्यायची. भाकऱ्या मात्र छान फुगायच्या. आणि त्या भाकरीचा दुधात कुस्करलेला काला ऋतुजाला भरवताना, हा घास चिऊचा, हा घास काऊचा करत करत ती शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या घासाशी यायची आणि विचारायची, "आन् ह्यो कशाला गं माझ्या सोन्या?" "दुश्मनाचा पाय मोडाया!" पोर एवढा मोठा आ करायची. तनुजा तिच्या ओठांवरचं दूध पदराने टिपायची, गालाचा मुका घ्यायची. ह्या लेकीला आपण वाढवणार, शिकवणार, वर्दीत पाठवणार, आणि ही एक दिवस त्या डोंगरावर जाऊन त्या मिशीवाल्याला शोधून काढणार. ते तिचं घरातलं देवघर होतं. तिथं ती रोज दिवा लावत होती.

दयानंद तो शेवटचा घास ऐकायचा आणि उठून गॅलरीत जायचा. ते त्याचं दुःख आहे, असं तिला वाटायचं. आता रेवणप्पा गेल्यावर, भज्यांचे कागद गोळा करताना, तिने ते सगळं गॅलरीत जाणं पुन्हा एकदा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठीवर वेगळंच काही लिहिलेलं दिसलं. त्याला माहीत होतं. तो तिला भाकरी थापू देत होता. एखाद्या वेडीला चिंध्यांचं बाळ जोजवू द्यावं आणि घरातल्यांनी आवाज न करता शेजारून जावं, तसं. ती त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर ते भांडण झालं असतं, आणि तिला भांडण नको होतं, सूड हवा होता. इतक्या दिवसांचा तापवलेला तवा तसाच होता. त्यावर टाकायला काही नव्हतं एवढंच. पावसावर सूड कसा घ्यायचा, मातीवर कसा घ्यायचा. तो राखाडी स्वेटरवाला तर स्वयंपाकघरातून हलेना. ओट्याच्या कोपऱ्यात हात बांधून उभा, काम सुटलेल्या गड्यासारखा. त्याला आता मारायलाही येईना आणि 'जा' म्हणायलाही तोंड होईना. मग ती आपल्या माणसाकडे वळली. सकाळी दयानंदचा पाय पलंगाशी न ठेवता गॅलरीत उन्हाला ठेवला, आणि तो भिंत धरून एका पायावर उड्या मारत तिथवर गेला तेव्हा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही ठेवला. त्याने काही विचारलं नाही. लंगडीच्या त्या उड्यांचा आवाज तिला आधी गोड लागला, मग तोंडात कडू कडू होत गेलं, तरी तिने पाय उन्हातच ठेवला.

येळवस, वेळअमावस्या, जवळ आली होती. मार्गशीर्षाच्या अवसेला अहमदपूरकडची सगळी घरं कुलपं लावून रानात जातात; कडब्याची कोप, छोटी खोपटी, उभारतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, पालेभाज्यांची भज्जी आणि ज्वारीचे उंडे खातात, आणि घरचा कर्ता माणूस डोक्यावर घोंगडी घेऊन, त्यावर आंबट अंबिलाचं बिंदगं, लहानसा घडा, ठेवून अनवाणी शेताचा धुरा, म्हणजे बांध, फिरतो. मागून दुसरा पिकावर अंबील शिंपडत चालतो. फेरा पुरा होईस्तोवर थांबायचं नाही, मागं वळायचं नाही, बिंदगं खाली टेकवायचं नाही. पाय गेल्यापासून तो फेरा धाकटा दीर किशन मारत होता. तनुजाने सासूला फोन लावला आणि म्हणाली, "आत्या, औंदा बिंदगं ह्यायनीच घ्यायचं." कावेरीबाईंचा आवाज भरून आला. सून किती गुणाची, म्हणाल्या. सुनेच्या मनात मात्र असं होतं की त्याला सगळ्या भावकीसमोर तो खोटा पाय उघडा टाकून चालायला लावायचं, आणि तो फेरा पुरा करून कोपीत आला, लोक त्याच्या पाया पडायला लागले, की मोठ्याने सांगायचं, सुरुंग आपलाच होता. गावाच्या वेशीवर त्याचा वर्दीतला फ्लेक्स आहे, उन्हाने चेहरा पांढरा पडलेला, पण 'शत्रूशी झुंजताना' ही अक्षरं अजून लाल. ती अक्षरं पुसायची. जे तुम्ही माझ्यापासून लपवलंत ते मी तुमच्या आईपासून लपवणार नाही. गावी जाताना लोह्याच्या पुढे एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत होती. कंडक्टरने दयानंदला ओळखून पुढची सीट मोकळी करून दिली होती. ऋतुजा तिच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, घामाने केस कपाळाला चिकटलेले. तनुजा ते केस एकेक करून बाजूला करत होती आणि मनात ते वाक्य घासत होती, धार लावल्यासारखं.

आदल्या दिवशीच ते रानात गेले. किशन कोप बांधत होता, कावेरीबाई चुलीसाठी दगड मांडत होत्या, ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि हरभऱ्याचा आंबूस वास सगळीकडे होता. शेजारचं रान संगप्पाचं. त्याच्याशी धुऱ्यावरून दोन पिढ्यांचं बोलणं बंद. मध्ये वाळक्या बाभळीची कुपाटी. ऋतुजा दिवसभर त्या कुपाटीशी खेळत होती. काय करून राहिलीस गं, म्हणून आजीने दोनदा हाका मारल्या, पोरीने दोनदा "काय न्हाई" म्हणून सांगितलं. तनुजाने तिकडे पाहिलं नाही. ती वाक्य घासत होती.

अवसेच्या दुपारी पूजा झाली. दयानंदने डाव्या पायातली चप्पल काढली आणि उजव्या पायातल्या बुटाशी थबकला. तो बूट खोट्या पायावर पक्का बसवलेला असतो, निघता निघत नाही. भावकीतल्या कुणीतरी म्हणालं, ऱ्हाऊ द्या, त्यो काय खरा पाय हाय व्हय. कावेरीबाई मात्र लेकापुढे बसल्या आणि नाड्या सोडायला लागल्या. "कामून ऱ्हाऊ द्या? माझ्या लेकाला दोनच पाय हायत. त्यातला येक लाकडाचा का आसंना, पांडवाला दोनीबी पाय अनवाणी दिसले पायजेत." बूट निघाला. आतून तो पाय बाहेर आला, बोटं एकमेकांना चिकटलेली, बाहुलीच्या पायासारखी, कातडीच्या रंगाचा पण कुणाच्याच कातडीचा नसलेला. तनुजाला हेच पाहायचं होतं. तिने ते पाहिलं. आणि तिला आठवलं, लग्नाच्या वर्षी रजेवर आला असताना ह्याच रानात तो तिला सांगत होता, तिथं रेघ बिघ काय न्हाई दिसत, तनू. तुला वाटतं तसा धुरा नसतो. ह्या दगडावर आपण, त्या दगडावर ते, आन् मदी नुसतं गवत. ते गवत राखायचं. गवत कशाला राखायचं, तिने विचारलं होतं, आणि तो इतका हसला होता की पाटाच्या पाण्यात बसला होता, दोन्ही पाय सोडून.

दयानंदने घोंगडी घेतली, बिंदगं डोक्यावर ठेवलं, किशन मागून अंबील शिंपडायला निघाला, सगळ्यांनी ते जुने, अर्धे कानडी बोल सुरू केले. तेव्हा ऋतुजा तिच्या पदराशी आली आणि कानात सांगितलं, गुपित सांगतात तसं, ओल्या गरम श्वासाने. "आई, मी दुश्मनासाठी काटे पेरले. उभे. वरून माती थोपटली."

"कुठं?"

"धुऱ्यावर."

"धुऱ्यावर कुठं गं?"

पोरीने रानाकडे पाहिलं. चौकडे ज्वारी सारखीच होती. तिला आठवेना. मग तिने सगळ्या रानावरून हात फिरवला.

तनुजाने चपला कधी काढल्या तिला कळलं नाही. हाक मारता येत नव्हती. हाकेने तो वळला असता, आणि वळायचं नसतं. ती पिकातून आडवी पळाली, ज्वारीची ताटं अंगावर घेत, आणि त्याच्या पुढे धुऱ्यावर निघाली. मागून त्याचा आवाज आला, मान ताठ ठेवून बोलणाऱ्याचा. "पुढं कामून चालून राहिलीस? बायका न्हाई चालत पुढं."

"गप चला. माझ्या पावलावर पाऊल ठेवा."

हे वाक्य त्याने दुसरीकडे कुठेतरी ऐकलेलं होतं. ती एकेक पाऊल सरपटत टाकू लागली, टाच न उचलता, तळव्याने माती चाचपत. तो राखाडी स्वेटरवाला आता पुढे कुठेतरी गुडघ्यांवर बसलेला नव्हता; तिथे चार वर्षांची पोर बसलेली होती, मन लावून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, आईने शिकवलेलं थोपटत. पहिला काटा टाचेत शिरला तेव्हा तिने तोंड मिटलं. दुसरा बोटाच्या बेचक्यात. कुपाटीच्या वळणावर तर त्यांचं पीकच होतं. तिथे तिने दोन्ही पाय फरफटत काटे आडवे पाडले, काही पायाने घेतले, काही हाताने उपटले, आणि त्या प्रत्येकाबरोबर तिला जे व्हायचं ते दुखणं नव्हतं, त्याच्या शेजारचं काहीतरी होतं, तोंडावर कुणीतरी मोजून मारावं तसं. मागे ते चालणं, एक मऊ, एक टणक, अगदी तिच्या पावलांत. चार बोटंसुद्धा बाजूला नाही. कुपाटीपलीकडे संगप्पा आपल्या कोपीतून उठून उभा राहिला होता. डोळ्यांवर हात धरून ह्या उलट्या वरातीकडे तो नुसता बघत होता.

फेरा पुरा झाला. बिंदगं खाली उतरलं. तनुजा कोपीच्या तोंडाशी बसली तेव्हा तिच्या पावलांखालचा कडबा लाल झाला, आणि कावेरीबाईंनी तिचा पाय उचलून पाहिला. "अगं बया. धुऱ्यावर काटे कुठून आले?" विचारता विचारताच त्यांची मान कुपाटीकडे वळली. सगळ्यांचीच वळली. दयानंद म्हणाला, पडले आसतील कुपाटीतून, जाऊ दे. किशनच्या हातात तोवर काठी आली होती. "उभे रवलेत दादा. पडलेला काटा उभा ऱ्हातो व्हय? संगप्पाचं काम हाय हे. आज त्याला सोडत न्हाई." आणि पलीकडे तो माणूस अजून उभाच होता, गोऱ्यामोऱ्या तोंडाचा, बारीक मिशीचा. हो, त्याला बारीक मिशी होती. तनुजाच्या छातीत ती जुनी ऊब भरून आली, इतकी ओळखीची की तिला रडू यावं. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. ऋतुजा तिच्या पाठीमागे पदर तोंडात धरून उभी होती, नवरा समोर होता, आणि त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की तोही गप्प बसणार आहे. पोर वाचत असेल, घर वाचत असेल, तर संगप्पा जाईना का खड्ड्यात. असाच बसला होता तो दोन वर्षं. तिने घासून ठेवलेलं वाक्य जिभेवर आलं. मोठं होतं, त्यातला एकच शब्द लागला.

"आपलेच हायत," ती म्हणाली. किशनला नाही, सासूला नाही. दयानंदकडे बघून म्हणाली, सावकाश, रेवणप्पा म्हणाला होता तसं. "आपलेच. रेवणप्पा भाऊजी येऊन गेले तवाच कळालं मला."

दयानंदचा चेहरा एवढासा झाला. तो तिने शेवटपर्यंत पाहिला, नजर न हटवता. बाकीच्यांना काही उमगलं नाही. पदराआडून पोरच बोलली, "दुश्मनासाठी होते ते," आणि कुणीतरी हसलं. किशनने काठी टाकली. कावेरीबाईंनी नातीला ओढून जवळ घेतलं. "आगं माज्या बये, दुश्मन बूट घालून येतो. घरचेच अनवाणी फिरतात." त्या हसत होत्या. तनुजा हसली नाही, दयानंदही नाही. त्याने आईच्या बांगडीतली पिन मागून घेतली, खोटा पाय लांब करून तो जमिनीवर बसला आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. काटे निघत गेले. पांढरे, टोकाशी काळसर. तो खालच्या मानेने बोलला.

"दवाखान्यात आलीस तवा रडत नव्हतीस. दात खाऊन उभी होतीस. म्हटलं, उभी हाय तर ऱ्हाऊ दे."

माफ केलं असं काही तिला वाटत नव्हतं. तवा निवायला वेळ लागतो, आणि काही तवे निवतही नसतील. पलीकडे संगप्पा खाली बसला होता. ऋतुजा उंडा घेऊन आली, आईजवळ बसली, आ करून वाट पाहू लागली. तनुजाने घास मोडला. चिऊचा झाला, काऊचा झाला. शेवटच्या, मोठ्या घासाशी आई विचारेना तेव्हा पोरीनेच विचारलं, "आन् ह्यो कशाला?" "खा," तनुजा म्हणाली, आणि तिचे ओठ टिपले.

टाचेतल्या काट्याचं टोक आत मोडलं होतं. दयानंद पिनेने उकरायला लागला तसा तिने पाय मागे घेतला. ऱ्हाऊ द्या, म्हणाली. आत खोल होतं, ठणकत होतं, पुढे कधी पिकलंही असतं. पण कुठे आहे ते निदान तिला माहीत होतं.